स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचं पोट उघडताना

पावसाळा सरत आला की रत्नागिरीत माझ्याकडे येणाऱ्या गिटारींची तक्रार जवळजवळ एकच असते. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर, केबल जराशी हलली की आवाज गायब, आणि तारांवरचा हात उचलला की एकसारखी घुर्रघुर्र. गिटार आठ-दहा हजारांची, घेऊन दीड-दोन वर्षं झालेली. आणणाऱ्याने मनाशी ठरवूनच टाकलेलं असतं, "दादा, पिकअप बदलून द्या. चांगल्यातले मागवू."

मी आधी त्याला थांबवतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याच्यात हलणारा, घासणारा भाग एकही नाही, त्यामुळे स्वस्त गिटारमधलाही पिकअप बरीच वर्षं काम देतो. समुद्रकाठच्या हवेत आधी जातो तो जॅक (केबल खुपसतो ती जागा), मग पॉट (नॉबखालचा फिरता रोधक), मग स्विच (कुठला पिकअप वाजावा ते ठरवणारा). म्हणजे जिथे धातूवर धातू टेकतो किंवा घासतो, तिथे मीठ आणि ओल बसते. म्हणून काम त्याच क्रमाने करायचं आणि पिकअपचा विचार सगळ्यात शेवटी. एक चांगला जॅक, दोन-तीन पॉट, एक कपॅसिटर, थोडी वायर आणि तांब्याची चिकटपट्टी हे सगळं मिळून एका बऱ्या पिकअपपेक्षा स्वस्तात येतं, आणि निम्म्याहून जास्त गिटारींना पुढे काही लागतही नाही.

ज्याने आजवर सोल्डरिंगला हात लावलेला नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून पुढून प्लास्टिकची प्लेट असलेली, तीन पिकअपची, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची गिटार धरली आहे, कारण आपल्याकडे पहिली गिटार बहुधा तीच असते.

आत काय चालतं, ते थोडक्यात

पोलादी तार चुंबकाच्या वर थरथरते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र हलतं आणि खालच्या वेटोळ्यात वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. ही वीज अगदी थोडी, व्होल्टचा काही भाग एवढीच. गिटारमध्ये बॅटरी नाही, मेन्सची वीज नाही. म्हणून केबल काढलेल्या गिटारच्या आत हात घालायला घाबरायचं कारण नाही. धोका असतो तो केबलच्या दुसऱ्या टोकाला, अँपच्या बाजूला. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ते मात्र वगळू नका.

पिकअपमधून निघालेला सिग्नल स्विचमध्ये जातो, तिथून व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, तिथून जॅकमध्ये. टोनचा पॉट वाटेत नसतो, तो बाजूला टांगलेला असतो. कपॅसिटरमधून तीक्ष्ण सूर तेवढे ग्राउंडकडे, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वाटेकडे वळवणं हे त्याचं काम. एवढा नकाशा डोक्यात बसला की आतल्या वायरींचं जंजाळ एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

काय काय आणायचं

मल्टीमीटर आधी. साधा डिजिटल पुरे, फक्त जोड तपासताना बीप वाजणारा असावा. सोल्डरिंग आयर्न ४० ते ६० वॅटचं, शक्य असेल तर तापमान ठरवता येणारं. बाजारात हटकून २५ वॅटचं हातात देतात. बारीक वायरींना ते चालतं, पण पॉटच्या पाठीवर डाग द्यायला, म्हणजे सोल्डरचा सांधा करायला ते कमी पडतं. मग माणूस अर्धा मिनिट आयर्न दाबून धरतो आणि पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. जास्त तापलेलं आयर्न दोन-तीन सेकंद लावणं हे कमी तापलेलं वीस सेकंद धरण्यापेक्षा सुरक्षित, हे नवशिक्याला उलटं वाटतं पण खरं आहे.

सोल्डर वायर ६०/४०ची घ्या, आत राळ असलेली. नळकामाचं आम्लाचं फ्लक्स अजिबात नको. ते सांध्यात राहून धातू खात बसतं, आणि आपल्या हवेत तर भराभर. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि टेबलावर चहाचा कप ठेवू नका.

वायर कल्हई केलेली मागा, म्हणजे तांब्यावर कथलाचा मुलामा असलेली, चंदेरी दिसणारी. नुसत्या तांब्याची वायर आपल्याकडे दोन पावसाळ्यांत इन्सुलेशनच्या आतही काळी-हिरवी पडते आणि मग तिच्यावर सोल्डर बसत नाही. बोटींवरही कल्हईचीच वायर चांगली मानतात, त्याचं कारण हेच.

डिसोल्डर पंप, छोटी पक्कड, वायर कापायचा कटर, दोन मापांचे स्टार स्क्रूड्रायव्हर, बारीक सँडपेपर हे गावातच मिळेल. गिटारचे पॉट आणि स्विच मात्र सहसा मागवावे लागतात. गणपतीला मुंबईहून कोणी चाकरमानी येणार असेल तर लॅमिंग्टन रोडची यादी आधीच पाठवून ठेवा, आणि यादीत मापं नीट लिहा. तिथे पॉट शेकड्याने असतात, पण गिटारच्या नॉबला बसणारा, दातेरी आणि मधे चीर असलेल्या दांड्याचा पॉट मागितल्याशिवाय मिळत नाही.

डाग देणं शिका, जुन्या वायरींवर

मला सोल्डरिंग शिकवलं ते टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. मी आयर्नच्या टोकावर कथील वितळवून ते थेंबासारखं सांध्यावर टाकत होतो. त्यांनी हात धरला आणि म्हणाले, "अरे, कल्हईवाला बघितलास ना? तो आधी भांडं तापवतो. भांडं तापलं की कथील आपसूक धावतं."

सगळं त्यात आलं. आयर्नचं टोक आधी स्वच्छ पुसून त्यावर थोडं कथील लावून घ्या. मग ते टोक वायर आणि पाय (जिला वायर जोडायची ती पत्ती) दोन्हींना एकदम टेकवा. दोन सेकंद थांबा. सोल्डर वायर आयर्नला नव्हे, तापलेल्या जोडाला लावा. ते पाण्यासारखं पसरलं की आधी सोल्डर काढा, मग आयर्न काढा, आणि थंड होईपर्यंत वायर हलू देऊ नका. चांगला डाग चकचकीत आणि कडेला उतरता दिसतो. मणी होऊन वर बसलेला, मंद राखाडी डाग कच्चा. तो आज चालेल आणि आषाढात दगा देईल. जुन्या चार्जरच्या वायरी घेऊन असे वीस-पंचवीस डाग देऊन बघा. त्यात एक संध्याकाळ गेली तरी ती सार्थकी लागते.

पायरी १: उघडण्याआधी मापं घ्या

गिटारला केबल लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मल्टीमीटर २० किलोओहमवर ठेवून मोकळ्या प्लगच्या टोकाला एक सळई आणि दांड्याला दुसरी लावा. आता स्विचच्या पाचही जागा एकेक करून बघा. सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचा पिकअप साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो. दोन पिकअप एकत्र येतात त्या मधल्या जागांवर आकडा जवळपास निम्मा होतो, कारण ते समांतर जोडलेले असतात. आकडे नीट आले तर पिकअप ठणठणीत आहेत आणि दुखणं दुसरीकडे आहे. एखाद्या जागी काहीच दाखवत नसेल तर त्या पिकअपची वायर सुटलीय, स्विच गेलाय किंवा वेटोळं तुटलंय.

मापं घेताना केबल जॅकमध्ये हलवा. आकडा उड्या मारत असेल तर जॅक दोषी. मग मल्टीमीटर २०० किलोओहमवर नेऊन व्हॉल्यूमचा नॉब सावकाश फिरवा. आकडा मधेच नाहीसा होत असेल तर पॉट दोषी. सगळं वहीत लिहा.

पायरी २: उघडणं

तारा सैल करून काढा. पुढच्या प्लेटचे स्क्रू, बहुतेक अकरा असतात, एका वाटीत ठेवा. गंजून घट्ट बसलेला स्क्रू जबरदस्तीने फिरवू नका, डोकं झिजतं. तापलेल्या आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट ठेवा, थोडं निवू द्या, मग फिरवा. बहुधा सुटतो. परत बसवताना स्टेनलेस स्टीलचे नवे स्क्रू घ्या आणि आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा.

प्लेट उचलताना सांभाळून. दोन वायरी जॅककडे जातात आणि एक लाकडातल्या भोकातून मागच्या स्प्रिंगांकडे. प्लेट उताणी केली की लगेच चार-पाच फोटो काढा, उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी. नंतर कुठली पांढरी वायर कुठे होती हे आठवत नाही, कोणालाच नाही.

पायरी ३: जॅक

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी बदल. सव्वासहा मिलिमीटरच्या जरा वरचा, म्हणजे पाव इंची मोनो जॅक लागतो. उघडा, जाड पत्र्याचा घ्या. बंद प्लास्टिकच्या डबीतला नको, त्यातली पत्ती पातळ असते आणि साफही करता येत नाही.

जॅकला दोन पाय असतात. प्लगच्या टोकाला अडकणारी लांब वाकडी पत्ती ज्या पायाला जोडलेली, तो सिग्नलचा. दुसरा ग्राउंडचा. खात्री करायची तर केबल घालून बीप लावून बघा. हे दोन उलटे झाले तर गिटार बोलत नाही, नुसती गुणगुणते. नट आवळताना खाली दातेरी वॉशर घाला, आणि आवळताना जॅक आतून धरून ठेवा. नट सैल पडून जॅक गोल फिरतो आणि वायर पिळून तुटते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की कोणाचीही गिटार हातात आली की आधी तो नट चाचपतो.

पायरी ४: पॉट

पॉटवर लिहिलेलं वाचायला शिका. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. पुढचा आकडा रोधाचा. सिंगल कॉइलला सर्वसाधारणपणे २५० के (किलोओहम), हंबकरला म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला ५०० के. आकडा मोठा तेवढा आवाज उजळ, कारण तीक्ष्ण सूर कमी गळतात. एक हंबकर आणि दोन सिंगल अशी गिटार असेल तर ५०० के लावून टोनने थोडं मिटवावं, असं माझं मत. व्हॉल्यूम आणि टोन दोन्हींना ए घ्या. कानाला आवाजाची वाढ लॉगमध्ये सारखी वाटते. लिनियरमध्ये टोनचा सगळा फरक नॉबच्या शेवटच्या चतकोरात अडकतो.

२० टक्के फरक पॉटमध्ये गृहीतच असतो. २५० लिहिलेला २०० भरू शकतो, ३००ही. म्हणून तीन आणलेत तर तिन्ही मोजा आणि सगळ्यात जास्त भरणारा व्हॉल्यूमला वापरा.

मापाची एक अडचण. स्वस्त गिटारमध्ये छोटे पॉट असतात, त्यांचं भोक ७-८ मिमीचं. मोठ्या पॉटला साडेनऊ-दहा लागतं. प्लेटचं भोक गोल कानशीने हळूहळू वाढवता येतं, पण लाकडातल्या खळग्यात मोठ्या पॉटची खोली मावते का ते आधी मोजा. पहिल्यांदाच करणाऱ्याने चांगल्या कंपनीचे छोटेच पॉट घ्यावेत. तैवानच्या अल्फा कंपनीचे आपल्याकडे मिळतात आणि टिकतात.

आता जोडणी. पॉटच्या तीन पायांपैकी मधला घासपट्टीचा. कडेचा कुठला कशाला, यासाठी चित्रं बघून गोंधळण्यापेक्षा मल्टीमीटर लावा. नॉब पूर्ण मिटवा. मधल्या पायाशी ज्या कडेच्या पायाचा रोध शून्याजवळ येतो, व्हॉल्यूमला तो पाय ग्राउंडचा. तो वाकवून पॉटच्या पाठीला सोल्डर करा. दुसऱ्या कडेच्या पायाला स्विचमधून येणारी वायर, मधल्याला जॅककडे जाणारी. टोनसाठी, स्विचकडून सिग्नल येतो त्याच पायावरून एक वायर टोनच्या पॉटवर न्या. तिथे मिटवल्यावर शून्य दाखवणाऱ्या कडेच्या पायाला ती जोडा आणि मधल्या पायापासून पाठीपर्यंत कपॅसिटर. दोन टोन असलेल्या गिटारमध्ये टोनच्या वायरी स्विचच्या वेगवेगळ्या पायांवर जातात. तिथे तुमचा फोटो हाच गुरू.

पॉटची पाठ आधी सँडपेपरने खरवडा. तिच्यावर मुलामा आणि तेलकटपणा असतो, तसंच सोल्डर केलं तर ते पापुद्र्यासारखं सुटून येतं. सगळ्या पॉटच्या पाठी एका वायरने जोडल्या की ग्राउंड एक झालं.

कपॅसिटरबद्दल फार वाद घालतात. मूल्य महत्त्वाचं, जात नाही. सिंगल कॉइलला ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. अंगावर ४७३ किंवा २२३ असा आकडा असतो. साधा पॉलिस्टर कपॅसिटर काही रुपयांत येतो आणि इतक्या कमी व्होल्टेजला तो अगदी पुरेसा. जुन्या तेलकागदाच्या कपॅसिटरसाठी शेकडो रुपये घालू नका, ते पैसे तारांच्या नव्या संचाला लावा.

व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद, घोंगडीखालून आल्यासारखा होतो का? सिग्नल येतो त्या पायापासून मधल्या पायापर्यंत ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याशी समांतर १५० किलोओहमचा रोधक लावा. तीक्ष्ण सूर टिकून राहतात. भजनाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या साथीला बसून गायकाच्या मागे आवाज कमी ठेवणाऱ्याला याचा उपयोग मोठा.

स्विचबद्दल थोडंच. स्वस्त गिटारमधला बंद डबीचा स्विच काँटॅक्ट क्लीनर मारून चालत असेल तर चालू द्या. बदलायचाच असेल तर उघडा, पत्र्याचा घ्या, पण त्याची उंची खळग्यात मावते का बघा आणि पायांचा क्रम वेगळा असतो हे ध्यानात ठेवा.

पायरी ५: तांब्याचं कवच

घरातली ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर हे सगळं हवेतून गिटारच्या आत बोलत असतं. स्वस्त गिटारच्या खळग्याला बहुधा काहीच कवच नसतं, नाहीतर नुसता काळा रंग. खळग्याच्या तळाला, भिंतींना आणि प्लेटच्या मागच्या बाजूला तांब्याची चिकटपट्टी लावली की खळगा बंद धातूच्या पेटीसारखा होतो.

पट्टी लावताना कडा एकमेकींवर अर्धा सेंटिमीटर चढवा आणि भिंतीवरची पट्टी थोडी वर काढून काठावर वळवा, म्हणजे प्लेट बसली की दोन्ही एकमेकींना टेकतील. पट्टीचा गोंद वीज नेणारा असतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आपल्या हवेत त्याच्यावर विसंबू नका. वर्षभरात त्या फटींत ओल शिरते आणि पट्ट्या एकमेकींपासून विजेच्या दृष्टीने तुटतात. दर सांध्यावर सोल्डरचा एक छोटा थेंब द्या. पट्टी पातळ आहे, क्षणात तापते. मग बीप लावून खळग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा, आणि एक वायर पट्टीपासून पॉटच्या पाठीला.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती सगळ्यांकडून होते. एकदा सगळं नेटकं बसवलं, केबल घातली, आणि काहीच आवाज नाही. प्लेट उचलली की आवाज येतो, बसवली की जातो. दोन तास शोधलं. प्लग आत गेला की जॅकची लांब पत्ती थोडी बाहेर वाकते, आणि ती तांब्याच्या भिंतीला टेकत होती. सिग्नल सरळ ग्राउंडमध्ये. तेव्हापासून जॅकच्या समोरच्या भिंतीवर आणि स्विचच्या पायांच्या बाजूला तांब्यावर इन्सुलेशन टेपचे दोन थर देतो.

कवचाची मर्यादाही सांगायला हवी. चरचर, करकर याने खूप कमी होते. पण अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यावर येणारी ५० हर्ट्झची जड घूं चुंबकीय असते, ती तांब्यातून आरपार जाते. ती फक्त हंबकरने जाते, किंवा मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर दुसऱ्या-चौथ्या जागेवर. हंबकरचं नावच त्या गुणावरून पडलं, गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५च्या सुमारास तो त्यासाठीच बनवला.

पायरी ६: तारांचं ग्राउंड

मागचं झाकण काढलं की स्प्रिंगा जिला अडकवल्यात ती पट्टी दिसते. तिला एक वायर सोल्डर केलेली असते, ती पुढे पॉटच्या पाठीला जाते. तारांना हात लावल्यावर घुर्रघुर्र कमी होते ती या वायरमुळे. हिचा डाग फार वेळा सुटलेला सापडतो. पट्टी जाड असल्याने आयर्न चांगलं तापू द्या, जागा खरवडून घ्या. मग एक सळई तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजला आणि दुसरी केबलच्या प्लगच्या दांड्याला लावून बीप वाजतो का बघा. वाजलाच पाहिजे.

आणि आता घराच्या अर्थिंगबद्दल

या वायरमुळे तुमची बोटं अँपच्या अर्थला जोडली जातात. घरची अर्थिंग नीट असेल तर ते चांगलंच. नसेल तर गिटार वाजवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. कोकणात जांभ्याच्या जमिनीतून पाणी लगेच निचरतं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते. जुनी माणसं उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओततात, ते अगदी बरोबर आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. गिटारच्या कुठल्याही भागापेक्षा तो आधी. अँपच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मांडवातला कार्यक्रम जनरेटरवर असतो तेव्हा तर जास्तच जपायचं. गिटार एका फेजवरच्या अँपला, माईक दुसऱ्या बाजूच्या मिक्सरला, अर्थिंग कुठेच नाही, खाली ओली जमीन. गाताना ओठ माईकला लागले की झटका. कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून एक सळई गिटारच्या तारेला, दुसरी माईकच्या जाळीला लावा. काही व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर साउंडवाल्याला बोलवा आणि ते मिटेपर्यंत गिटार गळ्यात घालू नका.

अजून एक गोष्ट गिटारवर नाहक ढकलली जाते. वीज गेल्यावर घरातला साधा इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो, आणि त्यावर अँप कर्कश भुणभुणतो. गिटारचा आवाज तपासायचा तर लाइन आलेली असताना तपासा.

पायरी ७: पिकअप, लागलाच तर

एवढं करून आठ दिवस वाजवा. मगही आवाज बोथट, निर्जीव वाटत असेल तर आधी पिकअपची उंची स्क्रूने कमी-जास्त करून बघा. गळ्यावरच्या शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबून तारेपासून पिकअपपर्यंत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. फुकटातला हा बदल अनेकदा नव्या पिकअपइतका फरक पाडतो.

घ्यायचाच ठरला तर पहिला फक्त ब्रिजकडचा बदला. जुना निवांत काढा, दोन वायरी आणि दोन स्क्रू. हंबकरला चार रंगांच्या वायरी असतील तर त्याच कंपनीचा रंगतक्ता बघा, एका कंपनीचा हिरवा दुसरीचा हिरवा नसतो. नवा आणि जुना पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, पोकळ झाला तर दोघे उलट्या फेजमध्ये आहेत. बंद करण्याआधी तपासायची युक्ती अशी. मल्टीमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावा, स्क्रूड्रायव्हरचं पातं चुंबकाच्या खुंटीला चिकटवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो किंवा खाली. सगळ्या पिकअपांचा एकाच बाजूला गेला पाहिजे. एखादा उलटा निघाला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल, फक्त त्याला धातूचं कवच असेल तर कवचाची वायर आधी वेगळी करून ग्राउंडला ठेवा.

पायरी ८: बंद करण्याआधी

तारा चढवण्याआधीच केबल लावा, अँपचा आवाज अगदी कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरने पिकअपांवर हलकेच टकटक करा. स्विच ज्या जागी आहे त्याच पिकअपवर जोरात टक् ऐकू आलं पाहिजे. पाचही जागा, दोन्ही-तिन्ही नॉब. सुरुवातीला वहीत लिहिलेली मापंही परत घ्या.

समुद्रकाठी हे काम ऑक्टोबर ते मे दरम्यान करावं. भर पावसात उघडलेला खळगा ओल धरतो आणि पट्टीचा गोंदही नीट बसत नाही. पुढे दर पावसाळ्याआधी आणि नंतर पॉटच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा. गंज काढायला घरात असतो तो तेलकट स्प्रे इथे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. गिटार भिंतीला टांगण्यापेक्षा बंद पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलची मोठी पुडी. ती उन्हात घालून पुरती सुकत नाही, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या वर तापवावी लागते.

प्लेटचे स्क्रू लावण्याआधी एका कागदावर पेन्सिलीने लिहा: आजची तारीख, प्रत्येक पॉटचं मोजलेलं मूल्य, कपॅसिटरचा आकडा, पिकअपांचे किलोओहम आणि कुठल्या रंगाची वायर कुठे जाते. कागद छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि खळग्याच्या कोपऱ्यात, स्विचपासून दूर, टेपने चिकटवून टाका.